गज्जाच्या वाटेवरचा वाचक

एक माणूस रथात बसून मोठ्याने वाचत चालला आहे. वाचतोय ते त्याला उलगडत नाही, तरी तो वाचणं सोडत नाही. रस्ता यरुशलेमेहून गज्जाकडे उतरणारा, निर्जन. दुसरा एक माणूस पायी धावत येतो, रथाच्या बाजूला पोचतो, आतला आवाज ऐकतो आणि विचारतो, "आपण वाचता ते आपल्याला समजतं का?" पुढे काही वेळाने दोघंही पाण्यात उतरलेले दिसतात, आणि वाचणारा माणूस आनंद करत आपल्या वाटेने निघून जातो.

नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय ८, वचनं २६ ते ४०. पंधरा वचनं, आणि त्यातल्या एकाच्या अस्तित्वाबद्दलच वाद आहे. त्याकडे पुढे येऊ.

'वचनाने तारणारा विश्वास कसा उत्पन्न होतो' असं कुणी विचारलं की आपण रोमकरांस पत्रातलं १०:१७ म्हणून दाखवतो. विश्वास ऐकण्याने होतो, आणि ऐकणं ख्रिस्ताच्या वचनाने. बरोबर आहे. पण हा निष्कर्ष झाला. वचन कानावर पडणं आणि माणूस विश्वासात येणं ह्यांच्यामध्ये जे घडतं, ते त्या एका वाक्यात मावत नाही. गज्जाच्या वाटेवर मात्र बरीचशी पावलं डोळ्यांसमोर पडतात. कोणतं पुस्तक, त्यातल्या कोणत्या ओळी, वाचकाने काय विचारलं, समजावणाऱ्याने कुठून सुरुवात केली, सगळं नोंदलेलं आहे. नव्या करारात इतकं बारीक नोंदलेलं दुसरं उदाहरण मला सापडत नाही. म्हणून हे एकच प्रकरण घेऊन बसायचं.

नोंद कुणाची

घटनेला साक्षीदार दोन. त्यातला एक दक्षिणेकडे निघून गेला तो कृत्यांच्या पुस्तकात पुन्हा येत नाही. दुसरा फिलिप्प. हा बारा प्रेषितांतला फिलिप्प नव्हे. यरुशलेमेतल्या विधवांना रोजचं अन्न नीट मिळावं म्हणून जे सातजण निवडले गेले, त्यांतला हा. त्याच सातांतल्या स्तेफनाच्या वधानंतर छळ सुरू झाला, मंडळी पांगली, तेव्हा हा शोमरोनात गेला. पुढे तो कैसरीयात राहिला. कृत्ये २१:८ मध्ये लेखक 'आम्ही' म्हणत म्हणत त्याच्याच घरी मुक्कामाला उतरतो. त्याच्या चार मुली संदेश देत, हेही तिथेच कळतं. कृत्यांच्या ह्या लेखकाने, म्हणजे लूकाने, ही हकिगत त्या घरात, फिलिप्पाच्याच तोंडून ऐकली असणार, असं मानायला जागा आहे.

हे आधी सांगायचं कारण असं की नोंद बाहेरून केलेली आहे. रथातल्या माणसाच्या मनात काय उलथापालथ झाली ह्याबद्दल लूक एक शब्दही लिहीत नाही. त्याने काय वाचलं, काय विचारलं, काय मागितलं आणि जाताना तो कसा दिसला, इतकंच. साक्षी ऐकायची सवय झालेल्या आपल्या कानांना हे कोरडं वाटतं. मला ते प्रामाणिक वाटतं.

माणूस

त्याचं नाव दिलेलं नाही. ग्रीक मजकुरात तो 'इथिओपियन' आहे, पण त्या काळी हा शब्द आजच्या इथिओपियासाठी नव्हता. आजच्या सुदानमध्ये नाईलच्या काठी असलेलं कूशचं राज्य, राजधानी मेरोवे. यरुशलेमेपासून सरळ रेषेत मोजलं तरी दीड हजार किलोमीटरहून अधिक. नदीच्या वळणांनी त्याहून कितीतरी जास्त. 'कांदके' हे राणीचं नाव नसून तिथल्या राण्यांची पदवी. अशाच एका कांदकेच्या सैन्याने ऑगस्टसच्या काळात रोमशी युद्ध केलं होतं. तिच्या सगळ्या खजिन्यावर हा माणूस नेमलेला. म्हणजे हिशेबात मुरलेला, शिकलेला, ग्रीक वाचू शकणारा आणि यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी स्वतःच्या मालकीची बाळगण्याइतका श्रीमंत.

ही शेवटची गोष्ट किरकोळ नाही. मृत समुद्राजवळ १९४७ मध्ये सापडलेली यशयाची मोठी गुंडाळी, जी इब्रीत आहे, ती चामड्याचे १७ तुकडे शिवून केलेली, ७.३४ मीटर लांब, ५४ स्तंभांची आहे. ह्याच्याकडची ग्रीक होती, पण लांबीचा अंदाज यायला हरकत नाही. त्यात अध्याय नव्हते, वचनांचे आकडे नव्हते. अध्याय तेराव्या शतकात पडले. ग्रीक लिहिताना शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. अक्षरांच्या त्या सलग रांगेतून शब्द वेगळे काढायला मोठ्याने वाचण्याची मदत होई. बहुधा म्हणून तो मोठ्याने वाचत होता, आणि म्हणूनच धावणाऱ्याला ऐकू गेलं.

आणि तो षंढ होता. वर्गात हे वचन मोठ्याने वाचायची पाळी आली की वाचणारा ह्या शब्दापाशी अडखळतो, आवाज उतरतो, आणि शिकवणारा 'दरबारी अधिकारी असा अर्थ घ्या' म्हणत पुढे सरकतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. एकदा एका बाईंनी सरळ विचारलं, "अधिकारी हा शब्द तर वेगळा आलाच आहे, मग हा कशाला?" त्यांचं बरोबर होतं. ग्रीकमध्ये दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, आणि षंढ हा शब्द तर ह्या प्रकरणात पाच वेळा येतो. नाव नसलेल्या माणसाला लूक ह्याच शब्दाने हाक मारतो. तो वगळला की प्रकरणाचा कणाच निघून जातो.

कारण जुन्या करारातल्या 'अनुवाद' ह्या नियमशास्त्राच्या पुस्तकातलं २३:१. ज्याचं पौरुष छाटलं गेलं आहे त्याने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. हा माणूस इतक्या लांबून भजनासाठी यरुशलेमेला आला होता. मंदिराच्या बाहेरच्या अंगणापर्यंत परक्यांना मुभा होती. त्यापुढे कठडा, आणि कठड्यावर ग्रीक अक्षरांत इशारा: परक्याने आत पाऊल टाकलं तर ओढवणाऱ्या मरणाला तो स्वतःच जबाबदार. ह्या इशाऱ्याचा एक अख्खा दगड १८७१ मध्ये यरुशलेमेत सापडला. ग्रीक वाचता येणारा हा परका भाविक तो दगड न वाचता परतला असेल असं वाटत नाही. परत निघाला तेव्हा त्याने दोन ग्रीक मजकूर वाचलेले होते. एक दगडावरचा, दुसरा मांडीवरचा.

कोणत्या ओळी

फिलिप्प पोचला तेव्हा तो ज्या ओळींवर होता, त्या लूक उतरवून देतो. आजच्या आकड्यांत यशया ५३:७-८. मूळ इब्रीपेक्षा ग्रीक भाषांतर इथे जरा वेगळं आहे, आणि लूक ग्रीकच देतो, कारण त्या माणसाने तेच वाचलं. आशय असा: मेंढराप्रमाणे त्याला वधाला नेलं, कातरणाऱ्यापुढे कोकरू गप्प असतं तसं त्याने तोंड उघडलं नाही. त्याच्या लीन अवस्थेत त्याचा न्याय हिरावला गेला. त्याच्या पिढीचं वर्णन कोण करील? कारण त्याचा जीव पृथ्वीवरून काढून घेतला आहे.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. यशयाच्या ह्याच भागात 'आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला' ही ओळ आहे, 'आम्हा सर्वांचं पाप त्याच्यावर लादलं' ही ओळ आहे. प्रायश्चित्ताचा सगळा सिद्धांत ज्यांवर उभा करता येईल अशी वाक्यं दोन-तीन ओळी वर आहेत. लूक ती देत नाही. आठव्या वचनाच्या अखेरीला 'माझ्या लोकांच्या अपराधामुळे' असं येतं, त्याच्या अगदी आधी तो थांबतो. रथातल्या माणसाने वरच्या ओळी वाचल्या असणारच. पण प्रश्न विचारताना त्याचं बोट होतं ते ह्या ओळींवर. गप्प राहिलेला, न्याय नाकारलेला, पुढची पिढी नसलेला कुणीतरी.

'त्याच्या पिढीचं वर्णन कोण करील?' ह्या ग्रीक वाक्याचा अर्थ अभ्यासक अनेक अंगांनी लावतात. पण ज्याच्यामागे मूल उरणार नाही अशा माणसाला ते वाचताना काय ऐकू आलं असेल, ह्यासाठी फार पांडित्य लागत नाही. त्याच्या शरीराला लहानपणी काय केलं गेलं, तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं. तोही कातरणाऱ्यापुढे गप्पच होता. हा माझा तर्क आहे हे कबूल. पण त्याने पुढे विचारलेला प्रश्न ह्या तर्काला साजेसा आहे.

प्रश्न

फिलिप्पाच्या प्रश्नात ग्रीकमध्ये एक खेळ आहे: 'गिनोस्केइस हा अनागिनोस्केइस?' समजणं आणि वाचणं हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे; वाचणं म्हणजे जणू पुन्हा ओळखणं. उत्तर येतं, "कुणी वाट दाखवल्याशिवाय मला कसं समजणार?" वाट दाखवणं ह्यासाठी जे क्रियापद आहे, तेच योहान १६:१३ मध्ये पवित्र आत्म्यासाठी येतं: तो तुम्हाला मार्ग दाखवून सर्व सत्यात नेईल. मग तो फिलिप्पाला वर येऊन आपल्याजवळ बसायची विनंती करतो. राणीचा खजिनदार, आणि रस्त्यावरच्या पायी माणसाला शेजारी बसवतो.

आणि विचारतो, "संदेष्टा हे कोणाविषयी म्हणतो? स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी?"

माझ्या मते सबंध प्रकरणाचं बिजागर हे वाक्य आहे. 'ह्याचा अर्थ काय' असं तो विचारत नाही. 'मला काय केलं पाहिजे' असंही नाही, जे कृत्यांच्या पुस्तकात इतर ठिकाणी लोक विचारतात. त्याचा प्रश्न आहे: हा कोण? मजकूर त्याला अर्थाकडून माणसाकडे घेऊन आला आहे, आणि इथवर मजकुराने एकट्याने आणलं आहे. फिलिप्प तेव्हा अजून नीट बसलाही नसेल.

प्रश्न खराखुरा होता, वरवरचा नव्हता. यशयाच्या आसपासच्या अध्यायांत परमेश्वराचा सेवक म्हणजे इस्राएल असं उघड म्हटलेलं आहे, ४१:८ मध्ये आणि ४४:१ मध्ये. ५३व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक म्हणजेही इस्राएलच, असं वाचणारी मोठी यहुदी परंपरा आहे, आणि अकराव्या शतकातल्या राशी ह्या यहुदी भाष्यकारापासून ती ठसठशीत झालेली आहे. ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. 'स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी' ही शंका मूर्खाची नव्हे, बारकाईने वाचणाऱ्याची आहे.

फिलिप्पाने काय केलं

लूक एका वाक्यात उरकतो: फिलिप्पाने आपलं तोंड उघडलं, आणि ह्या शास्त्रलेखापासून आरंभ करून त्याला येशूची सुवार्ता सांगितली.

'तोंड उघडलं' हा नुसता बोलण्याचा वाक्प्रचार म्हणून वाचला तर एक गोष्ट निसटते. तीन वचनं आधी कोकराने 'तोंड उघडलं नाही'. ग्रीकमध्ये क्रियापद तेच, शब्द तेच. जो गप्प राहिला त्याच्याविषयी आता दुसरा तोंड उघडतो.

'ह्या शास्त्रलेखापासून.' इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. नव्याने आलेल्या कुणाशी बोलायचं असलं की माझ्याकडे वचनांची एक ठरलेली माळ तयार असे: सर्वांनी पाप केलं, पापाचं वेतन मरण, देवाने जगावर प्रीती केली, कबूल कर. क्रम पक्का, पानं खुणा घातलेली. एकदा एका तरुणाने मला ईयोबाच्या पुस्तकाबद्दल विचारलं होतं. ईयोबाला उत्तर का मिळत नाही, असं. मी त्याला दोन मिनिटांत ईयोबातून बाहेर काढून माझ्या माळेवर आणलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पुन्हा आला नाही. वचनं सगळी खरीच होती. पण त्याचं बोट ज्या ओळीवर होतं तिथे मी बसलोच नाही.

फिलिप्प जिथे बोट होतं तिथे बसला. मग तिथून येशूपर्यंत कसा गेला, हे लूक लिहीत नाही. नुकत्याच होऊन गेलेल्या घटना त्याच्याकडे होत्या: रोमी सुभेदार पिलातापुढची येशूची शांतता, अन्यायाने झालेला निवाडा, वध, आणि तिसऱ्या दिवशी उठल्याची साक्ष. तो मजकूर आणि ह्या घटना त्याने एकमेकांशेजारी ठेवल्या असणार. यशयातून एकट्याने हे निघत नाही, कारण यशयात येशूचं नाव नाही. घटना एकट्याने सांगितली असती तर ती एका दूरच्या प्रांतात क्रूसावर चढवलेल्या माणसाची बातमी झाली असती. २ तीमथ्य ३:१५ मध्ये म्हटलं आहे की पवित्र शास्त्र 'ख्रिस्त येशूवरच्या विश्वासाच्या द्वारे' तारणासाठी शहाणं करायला समर्थ आहे. शहाणं शास्त्र करतं. विश्वास ठेवायचा तो त्या व्यक्तीवर. पौल हे लिहितो तेव्हा 'शास्त्र' म्हणजे जुना करारच, हेही लक्षात ठेवायचं. तीमथ्याला ते लहानपणापासून ठाऊक होतं.

पुन्हा उठलेला येशू दोन शिष्यांना भेटला ती अम्माऊसची वाट आठवल्याशिवाय राहत नाही. लूकाच्याच शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय: वाट, सामील होणारा अनोळखी, शास्त्राचा उलगडा, मग एक विधी, मग समजावणारा अदृश्य. तिथे एकच क्रियापद तीनदा येतं: त्यांचे डोळे उघडले, त्याने शास्त्र उघडलं, त्याने त्यांचं मन उघडलं. पुढे कृत्यांत फिलिप्पै नगरात लुदिया नावाच्या बाईचं अंतःकरण प्रभूने उघडलं, तिथेही तेच क्रियापद. लूकाच्या हिशेबात पुस्तक उघडणं आणि माणूस उघडणं ह्या दोन गोष्टी आहेत, दोन्ही लागतात, आणि दुसरी करणारा कधीच उपदेशक नसतो.

शेजारचा शिमोन

ह्या प्रकरणाशी ताडून पाहता येईल असं दुसरं प्रकरण लूकाने त्याच अध्यायात ठेवलं आहे. उपदेशक तोच, फिलिप्प. शोमरोनातला शिमोन जादू करायचा, लोक त्याला देवाची महान शक्ती म्हणायचे. फिलिप्पाची चिन्हं आणि चमत्कार पाहून तो थक्क झाला, आणि वचन १३ साफ म्हणतं: शिमोनाने स्वतः विश्वास ठेवला आणि बाप्तिस्मा घेतला. मग पेत्र आणि योहान आले, त्यांनी हात ठेवल्यावर पवित्र आत्मा मिळतो हे शिमोनाने पाहिलं, आणि त्याने पैसे पुढे केले: हा अधिकार मलाही द्या. पेत्राचं उत्तर कडक आहे: ह्या गोष्टीत तुला वाटा नाही, तुझं अंतःकरण देवापुढे सरळ नाही. 'ह्या गोष्टीत' इथे ग्रीक शब्द लोगोस आहे. गोष्ट आणि वचन दोन्हींना तोच शब्द.

आता दोघांना शेजारी ठेवा. शिमोनाजवळ चमत्कार होते, मजकूर नव्हता. षंढाजवळ मजकूर होता, चमत्कार त्याने एकही मागितला नाही. शिमोनाने 'हे मला कसं मिळेल' विचारलं, दुसऱ्याने 'हा कोण' विचारलं. आणि खजिन्याचा अधिकारी असूनही पैशाचा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही.

धर्मसुधारणेच्या काळापासून तारणाऱ्या विश्वासाची तीन अंगं सांगितली जातात: ज्ञान, संमती, भरवसा. याकोब २:१९ मधल्या भुतांजवळ पहिली दोन आहेत. ती मानतात आणि थरथर कापतात. शिमोनाजवळही बहुधा तेवढंच होतं. चिन्हं पाहून माणूस शक्तीला मान देतो. त्या शक्तीमागे कोण आहे हे कळून त्याच्या स्वाधीन होणं, हे तिसरं अंग चिन्हांनी येतंच असं नाही.

नसलेलं वचन

प्रकरणातली सगळ्यांत विलक्षण बाब हीच. लूकाने शिमोनाबद्दल लिहिलं, 'त्याने विश्वास ठेवला'. षंढाबद्दल तसं वाक्य कुठे आहे? वचन ३७ मध्ये. फिलिप्प म्हणतो, आपण मनापासून विश्वास ठेवत असाल तर हरकत नाही. तो म्हणतो, येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे असा माझा विश्वास आहे. पण चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन ह्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत हे वचन नाही. सहाव्या शतकातल्या एका ग्रीक हस्तलिखितात ते दिसतं. १५१६ मध्ये इरॅस्मस ह्या विद्वानाने ग्रीक नव्या कराराची छापील आवृत्ती काढताना ते घेतलं आणि तिथून ते अनेक भाषांतरांत गेलं. आज बऱ्याच आवृत्त्यांत ते कंसात किंवा तळटीपेत असतं. कबुलीचं ते वाक्य मात्र जुनं आहे. इरेनियस ह्या बिशपने साधारण इ.स. १८० मध्येच ते उद्धृत केलं आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणायची कबुली कुणीतरी समासात लिहिली आणि ती आत आली, हे स्पष्टीकरण मला पटतं.

दुसरी भरही आहे. वचन ३९ मध्ये प्रभूचा आत्मा फिलिप्पाला उचलून नेतो. काही हस्तलिखितांत मात्र पवित्र आत्मा षंढावर उतरला आणि फिलिप्पाला दूताने नेलं, असं आहे. नकलाकारांना दोन गोष्टी खटकल्या: त्याने विश्वास ठेवला हे लिहिलेलं नाही, आणि त्याला आत्मा मिळाला हेही नाही. त्यांनी दोन्ही पुरवल्या.

मला त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटते, कारण प्रत्येक अहवालात आपण तेच करतो. अमक्याने निर्णय घेतला, इतक्या वाजता. पण जुन्या पाठात जे आहे ते असं: वाटेत पाणी लागतं, आणि प्रस्ताव उपदेशकाकडून येत नाही. "पाहा, पाणी! मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे?" अडचणी काय असतात हे ह्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं. कठडा, दगड, अनुवाद २३:१. त्याचा सगळा प्रवास 'काय अडचण आहे' ह्याच्या उत्तरांनी भरलेला होता. जुन्या पाठात फिलिप्प ह्या प्रश्नाला शब्दांत उत्तर देत नाही. रथ थांबवायचा हुकूम षंढच देतो, आणि दोघे पाण्यात उतरतात.

विश्वास इथे क्रियापदात सांगितलेला नाही. तो रथ थांबवण्यात आहे. लूक शिमोनाच्या बाबतीत शब्द लिहितो आणि मग तो पोकळ निघालेला दाखवतो; दहा-पंधरा वचनांनी दुसऱ्या माणसाच्या बाबतीत शब्द लिहीतच नाही. एवढा काटेकोर लेखक हे नकळत करील असं मला वाटत नाही.

दोन्ही बाजू आपापल्या

ह्या प्रकरणावर दोन घरं हक्क सांगतात. कॅथलिक वाचक म्हणतो, पाहा, शास्त्र हातात असूनही समजलं नाही, मंडळीने पाठवलेला समजावणारा लागला. प्रॉटेस्टंट वाचक म्हणतो, पाहा, शास्त्राने त्याला योग्य प्रश्नापर्यंत आणलं, आणि समजावणाऱ्याने शास्त्रातूनच समजावलं. १६४६ सालचा वेस्टमिन्स्टर विश्वासजाहीरनामा हा प्रॉटेस्टंट दस्तऐवज ह्यावर सावध बोलतो: शास्त्रातलं सगळं सारखंच सोपं नाही, पण तारणासाठी आवश्यक ते साधी साधनं नीट वापरली तर न शिकलेल्यालाही पुरेसं कळू शकतं. शेजारी बसणारा माणूस हेही मी त्या साध्या साधनांतच धरतो.

शास्त्र आपोआप काम करतं, असं मात्र हे प्रकरण म्हणू देत नाही. योहान ५:३९-४० मध्ये येशू ज्यांच्याशी बोलतो ते शास्त्र रथातल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त शोधणारे होते. तुम्ही शास्त्र शोधता, ते माझ्याविषयीच साक्ष देतं, तरी माझ्याकडे येत नाही, असं तो त्यांना म्हणतो. आणि पुढे मोठा ख्रिस्ती विचारवंत ठरलेल्या ऑगस्टिनचं उदाहरण उलट्या बाजूने बोलकं आहे. ३८६ मध्ये मिलानमधल्या बागेत रोमकरांस पत्रातल्या दोन वचनांनी त्याला वळवलं, हे सर्वांना ठाऊक असतं. त्यानंतर बाप्तिस्म्याची तयारी म्हणून बिशप अँब्रोजने त्याला यशया वाचायला सुचवलं, तर पहिलाच भाग न समजल्याने त्याने ते पुस्तक बाजूला ठेवलं, हे तो स्वतःच लिहून ठेवतो. त्या काळचा अव्वल वक्ता, साहित्याचा शिक्षक, आणि यशया मिटून ठेवतो. खजिनदाराने मिटला नाही. फरक बुद्धीचा नव्हता.

परतीची वाट

फिलिप्प अजोतात सापडतो आणि गावोगाव सुवार्ता सांगत कैसरीयाला जातो. षंढाला तो पुन्हा दिसला नाही. आणि लूक म्हणतो, 'कारण' तो आनंद करत आपल्या वाटेने चालला. शिक्षक गेल्यावर रडारड नाही, शोधाशोध नाही. इरेनियस त्याला आपल्या देशातला उपदेशक म्हणतो. नाईलच्या त्या पट्ट्यातली राज्यं मात्र ख्रिस्ती झाली ती सहाव्या शतकात, म्हणून त्याच्यामुळे देश वळला अशी गोष्ट रचायचा मोह आवरलेला बरा.

एक शेवटची बाब गुंडाळीची. ५३वा अध्याय म्हणजे यशयाचा साधारण चार-पंचमांश भाग उलगडून झालेला. उरलेल्या पाचव्या भागात, थोडंच पुढे, आज ज्याला आपण ५६:३-५ म्हणतो ते आहे: परमेश्वर मला आपल्या लोकांतून वेगळं काढील असं परक्याने म्हणू नये, मी शुष्क झाड आहे असं षंढाने म्हणू नये, मी त्यांना माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत, मुलगे आणि मुली ह्यांपेक्षा चांगलं नाव देईन. मेरोवेला पोचायला अजून कित्येक आठवडे होते, आणि गुंडाळी त्याच्या मांडीवर होती.